आखाजीला नेलेलं इंजिन

आमच्या अंगणात आखाजीला झोका कधी बांधला गेला नाही. निंबाची फांदी होती, मांडीएवढी जाड, झोक्यासाठीच वाढल्यासारखी आडवी गेलेली. पण तिच्यावर साखळी असायची. त्या साखळीला आबा इंजिनं टांगायचे.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकीच्या महाराष्ट्रात त्या दिवशी सोनं घेतात, आमच्या खान्देशात लेकी माहेरी येतात. गावातल्या प्रत्येक झाडाला दोर, प्रत्येक दोरावर दोन-दोन पोरी, घराघरातून खापरावरच्या पुरणपोळीचा वास. पारोळ्याच्या पुढे आमचं गाव, आणि आबा, माझे वडील, त्या भागातले इंजिन-फिटर. तेव्हा विहिरींवर डिझेलची इंजिनं होती. चैत्रात विहिरींनी तळ गाठला की इंजिनं रिकामी व्हायची, बैलगाडीतून आमच्या अंगणात यायची आणि पावसाआधी उघडून, धुऊन, जोडून परत जायची. गावाचा सण तो आमचा हंगाम. माझी माय साक्रीकडची. आखाजीला ती माहेरी गेल्याचं मला एकदाही आठवत नाही. सण असो नसो, ती ओसरीवर बसून रॉकेलच्या घमेल्यात पिस्टनच्या रिंगा धुवत असायची. दोन खोल्या, वर पत्रा. दुपारी पत्रा असा तापायचा की आम्ही घराबाहेर, टांगलेल्या इंजिनाच्या सावलीत जेवायचो. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, वर कच्च्या गोडेतेलाची धार. डिझेलचा वास हातातून भाकरीत उतरायचा. तो वास म्हणजेच जेवणाचा वास, असं मी बरीच वर्षं समजत होते.

मग विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या, मग बोअर आले, मग बोअरमध्ये खोल सोडायच्या मोटारी. अंगणातली इंजिनं दर आखाजीला कमी होत गेली आणि एका वर्षी एकही आलं नाही. मी दहावीत होते. आबा त्या मोकळ्या साखळीखाली खाट टाकून बसले होते आणि रस्त्याकडे बघत होते, गाडी येईल म्हणून.

यंदाही ऊन लवकर लागलं. फाल्गुनातच वाऱ्याची झुळूक तव्यावरून आल्यासारखी यायला लागली. आमच्या दीपनगरच्या वीज केंद्राच्या कॉलनीत घराघरातून कूलर बाहेर निघाले. जुनं गवत काढा, नवं बसवा, पाण्याची टाकी घासा, ही गडबड सुरू झाली आणि माझा जीव थाऱ्यावर राहीना. कॉलेजात शिकवता शिकवता मी खिडकीपाशी जाते. घरी आल्यावर चहा ठेवते आणि गॅस पेटवायला विसरते. प्रमोद, माझा नवरा, म्हणतो, "तुझी आखाजी लागली वाटतं." तो गमतीनं म्हणतो, पण खरंच आहे. गेल्या वर्षी ह्याच दिवसांत मी एका इंजिनासाठी वेडी झाले होते. ते दिवस संपले, तरी ती तगमग अंगातून गेलेली नाही.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे सांगताना मी आवाज खाली घेत नाही. धुळ्याला मेकॅनिकल केलं, वर्गात आम्ही तीनच मुली होतो. वर्कशॉपमध्ये पहिल्या दिवशी सरांनी इंजिन उघडायला सांगितलं तेव्हा पोरं पान्याचे नंबर शोधत होती आणि माझ्या इंजिनाचं हेड निघालेलं होतं. सरांनी विचारलं, कुठं शिकलीस? म्हटलं, अंगणात. आता जळगावच्या एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवते. हवा आणि पाणी कसं वाहतं, कुठं दाबतं, कुठं ओढतं, हाच माझा विषय. हे मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढं माझीच फजिती व्हायची आहे.

त्या धुळ्याच्याच लायब्ररीत एका जाड पुस्तकात मी हरिकेनचं चित्र पाहिलं होतं. दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान. दिसायला फार देखणं नाही, पाठीला जरासं पोक. पण खाली लिहिलं होतं की त्याचा मागचा निम्मा भाग लाकूड आणि कापडाचा, गोळ्या लागल्या तर सुतार आणि शिंपी मिळून दुरुस्त करतील असा. मला ते आमच्यातलं वाटलं. नोकरी लागली, लग्न झालं, लेक शाळेत जायला लागली, आणि एक दिवस मी ते बनवायला घेतलं. रिमोटवर उडणारं, पंख साडेसहा फूट, सगळी मापं खऱ्यावरून उतरवलेली. दोन वर्षं लागली. बाल्सा लाकडाच्या फासळ्या कापल्या, प्लाय चिकटवला, कापड ओढून बसवलं, आपल्या वायुसेनेची जुनी चिन्हं हातानं रंगवली. कॉलनीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या की दिवाणावर विमान, आणि त्या सतरंजीवर.

सगळं झालं, फक्त नाकात इंजिन नव्हतं. तिथं माझं घोडं अडलं.

जळगावला बेअरिंगचं दुकान असलेले पारसभाऊ. त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले. दुकानात पुढं बेअरिंग आणि मागच्या खोलीत सहा विमानं. आमच्या भागात हा नाद असलेली जी चार-पाच डोकी आहेत, त्यांत ते वडीलधारे. मी गेले की आधी पोऱ्याला ताक सांगायचे आणि मग माझी खेचायचे.

"ताई, सोपं आहे. इलेक्ट्रिक मोटार टाका. बटन दाबलं की चालू. ना धूर, ना तेल, ना खिटपिट."

"हरिकेनमध्ये इलेक्ट्रिक? शोभेल का?"

"मग टू-स्ट्रोक पेट्रोल टाका. फवारणीच्या पंपाचंच भावंड ते. शोभा वाढेल, केळीवर औषध पण मारता येईल."

मला हवं होतं स्पिरिटवर, म्हणजे मिथेनॉलवर चालणारं फोर-स्ट्रोक. प्रमोद तर वीज केंद्रातलाच माणूस. त्याचं म्हणणं, आख्ख्या राज्याला आम्ही वीज देतो आणि माझ्याच घरात तू स्पिरिट जाळणार? मीही आधी चुकलेच. कंपनीच्या यादीतल्या इंजिनांपैकी जे लागतं त्याच्याहून एक नंबर मोठं निवडून बसले. पारसभाऊंनी कागद बघितला आणि हसायलाच लागले. "ताई, हे विमान आहे, बोअर नाही. वर जायचंय, खाली नाही." आमच्याकडची सवयच ही. पाणी दरवर्षी खाली जातं म्हणून मोटार एक नंबर वरचीच घ्यायची. हे आमच्या हाडात गेलंय. वर उडायच्या गोष्टीलाही मी खोलीचा हिशेब लावला होता.

पण खरी अडचण ही नव्हतीच. खरी अडचण मी दोघांनाही सांगितली नव्हती.

त्याआधी महिनाभर, फाल्गुनात, मी गावी गेले होते. आबा ओसरीवर बसलेले, मागे चुलीशेजारच्या गॅसवर कुकर. कुकरनं शिट्टी मारली, दुसरी मारली, तिसरी मारली. आबांनी मानही वळवली नाही. माझा फोन त्यांच्या मांडीशेजारी वाजून वाजून थांबला. माझी लेक "आबा, आबा" करत त्यांच्या पाठीशी उभी, आणि ते समोर बघतायत. मी घाबरले. तेवढ्यात त्यांनी डोकं वर केलं आणि म्हणाले, "ट्रॅक्टर ऊना." ट्रॅक्टर आला म्हणे; मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी बाहेर जाऊन उभी राहिले. बऱ्याच वेळानं नाल्यापलीकडच्या वळणावर ट्रॅक्टर दिसला.

धुळ्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कानात आवाज सोडून आलेख काढला. आलेखाची रेघ उजवीकडे दरीत पडल्यासारखी खाली गेलेली. "आयुष्यभर इंजिनाशेजारी उभे राहिलेत," डॉक्टर म्हणाले. "बारीक, वरच्या पट्टीचे आवाज गेले. खालच्या पट्टीचे, ठोके, गडगड, असले आवाज अजून आहेत. पण तेही चाललेत. वर्ष म्हणा, कमी म्हणा, मी सांगू शकत नाही." कानात घालायचं यंत्र दिलं. आबांनी दोन दिवस घातलं आणि काढून डबीत ठेवलं. ते शिट्टी मारतं म्हणाले. आणि मग ते बोलायचेही कमी झाले. ज्याला ऐकू येत नाही तो प्रश्नही विचारत नाही, हे मला तेव्हा समजलं. विचारून काय करायचं, उत्तर कुठं पोचणार आहे?

तर माझ्या डोक्यात हे होतं. मी दोन वर्षं बनवलेलं विमान आबांच्या डोक्यावरून उडणार आणि त्यांना ते मुक्यानं जाताना दिसणार, हे मला नको होतं. इलेक्ट्रिक मोटार त्यांच्यासाठी मुकीच. टू-स्ट्रोक सेकंदाला दोनशेच्यावर ठोके देतं, वर आभाळात गेलं की त्याची नुसती किंचाळी उरते. फोर-स्ट्रोकचे साठ-सत्तर. जाड, मोकळे, एकामागे एक वेगळे मोजता येतील असं वाटणारे. विहिरीवरच्या इंजिनाचं पोर शोभेल असा आवाज. मी वहीत आकडे मांडले, डॉक्टरांच्या आलेखाशेजारी ठेवले. जमत होतं. कागदावर जमत होतं.

आणि थांबणं जमणार नव्हतं. आमच्याकडे विमानं हिवाळ्यात उडवतात. उन्हाळ्यात पातळ तापलेल्या हवेत कोणी हात घालत नाही. पारसभाऊ म्हणाले, "दिवाळीपर्यंत थांबा ना ताई, घाई काय आहे?" मग मी त्यांना सांगितलं घाई काय आहे ते. ते उठले. आत गेले, कपाटातून एक डबा काढला, त्यात त्यांचं स्वतःचं फोर-स्ट्रोक होतं, तेलकट फडक्यात गुंडाळलेलं. "हे घेऊन जा. ह्याचा आवाज चांगला आहे. आमच्या बायकोला आवडत नाही, म्हणजे चांगलाच असणार."

इंजिन बसलं. मिथेनॉल आणि एरंडेलाचं इंधन. जळगावच्या बाहेर एका रिकाम्या प्लॉटवर सकाळी अकरा वाजता मी आणि पारसभाऊंनी विमानाची शेपटी खुंटीला बांधून ते चालू केलं. पहिला ठोका पडला आणि मी घड्याळ लावलं. चार मिनिटं चाललं. मग आवाज घोगरा झाला, धापा टाकायला लागलं आणि बंद पडलं. हात लावला तर चटका. तासभर सावलीत ठेवलं, पुन्हा चालू केलं, पुन्हा चार मिनिटं. तिसऱ्यांदा तीनच.

खऱ्या हरिकेनचं नाक बंद आणि लांबट असतं. माझं इंजिन त्या आवरणात कोंडलेलं, आणि बाहेर जळगावचं ऊन. मी पुढचं भोक मोठं केलं. हवा जास्त आत गेली की गार होईल, एवढं साधं. नाही झालं. आणखी मोठं केलं. देखण्या नाकाची वाट लागली, माशाच्या जबड्यासारखं झालं, तरी पाचव्या मिनिटाला बंद. कॉलेजातून येताना, भाजी निवडताना, पेपर तपासताना मला तेच घोगरं होत जाणारं इंजिन ऐकू यायचं. मी रस्त्यावरच्या मोटारसायकलींची नाकं बघत चालायचे. प्रमोद म्हणाला, "आवरण काढून टाक की." म्हटलं, मग ते हरिकेन राहील का? तो म्हणाला, "आबांना काय कळणार आहे?" त्याच्या मनात वाईट नव्हतं, पण मी दिवसभर त्याच्याशी बोलले नाही. आबांना कळलं असतं. उघडं इंजिन आणि झाकलेलं इंजिन ह्यातला फरक ज्याला कळत नाही तो फिटर नव्हे.

"ताई, अजून वेळ गेलेली नाही," पारसभाऊंचा फोन. "इलेक्ट्रिक एका दुपारचं काम आहे."

आखाजी तीन दिवसांवर आली होती.

आखाजीच्या सकाळी गावात शिरले तेव्हा आमच्या जीपच्या टपावर पांघरुणात बांधलेलं विमान होतं. ओसरीवर बसलेल्या बायांनी बघितलंच. एकीनं विचारलं, "काय वं, लेकी माहेरले पापड-कुरडया लई येतीस, तू काय लई उनी?" दुसरी म्हणाली, "मढं लई उनी वाटस." मढं घेऊन आले म्हणे! मी पांघरूण काढलं तेव्हा सगळ्या उठून आल्या. इंधनाचा वास आला तशी पहिली नाक दाबून म्हणाली, "कोणी एरंडेल पिधं वं आठे?" हसून हसून पुरेवाट.

आबा हळूच उठून आले. विमानाभोवती एक फेरी मारली. पंखांवरच्या बंदुकीच्या नळ्यांवर बोट ठेवलं.

"हाई कोणाले मारस?"

"कोणालेच नही आबा," मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हटलं. "नुस्तं उडस."

ते समाधानानं मान हलवून नाकाशी आले. पंखा दोन बोटांनी धरला आणि हळूच फिरवला. एका जागी तो अडला, आबांनी तिथंच थोडा जोर लावला, आतली हवा दबली आणि मागे ढकलायला लागली. इंजिन ओळखायची त्यांची ही पद्धत. ऐकण्याआधी हातानं बघायचं. डोळे मिटून त्यांनी दोनदा तसंच केलं.

"जीव शे यामा," ते म्हणाले. "चालू कर नं."

मी म्हटलं, उद्या. ऊन फार आहे. मग म्हटलं, जेवण झाल्यावर. मग बॅटरी चार्ज करायची राहिली म्हणून सांगितलं. आबांनी तीनदा विचारलं, तीनदा मी वेगळं कारण दिलं. आणि प्रत्येक वेळी ते मागे सरले. आता इथं मला लपवाछपवी करायची नाही. मला भीती वाटत होती. इतक्या वर्षांनी त्या अंगणात इंजिन चालू होणार, आबांना ते ऐकू येणार, आणि मग पाचव्या मिनिटाला ते त्यांच्या कानात धापा टाकत मरणार. बंद पडलेलं इंजिन म्हणजे त्यांच्या जन्माचं काम अपुरं राहिलेलं. ते मी त्यांना ऐकवणार होते का? त्यापेक्षा न ऐकलेलं बरं, असंही मनात आलं. मी अंगणात येरझाऱ्या घालत होते. वाऱ्याच्या वावटळी धूळ उचलून ओसरीवर टाकत होत्या. बाहेर झोक्यांचे दोर करकरत होते, पोरींची गाणी चालू होती, आणि मला कुठंच बसवत नव्हतं.

दुपारी आमरस आणि पुरणपोळ्या झाल्यावर सगळी पाहुणे मंडळी आतल्या खोलीत आडवी झाली. खिडकीत कूलर. ऊन येतं म्हणून कोणीतरी दार लावून घेतलेलं, पलीकडची खिडकीही बंद. कूलर मोठमोठ्यानं घरघरतोय, पाणी टपकतंय, आणि खोलीत नुसता दमट कोंडमारा. मी तिथंच भिंतीला टेकून विमानाच्या नाकाकडे बघत बसले होते. तेवढ्यात माय आत आली, कपाळाला आठ्या.

"आन्हा ग माय! बठ्ठी शिकेल माणसं, आन् खिडकी बंद!" तिनं पलीकडची खिडकी धाडकन उघडली. "कूलर वारा आत टाकी ऱ्हायना, तो जाई कोठे? जुना भायेर जाई तवय नवा मझार येई ना!"

आणि खोलीतून गार वारा सरकून गेला. झोपलेल्या एका काकूंनी झोपेतच पदर अंगावर ओढला.

 मग मला हसू आलं आणि मग लाज. हाच माझा विषय. फळ्यावर बाण काढून मी पोरांना सांगते, येणाऱ्या वाटेपेक्षा जाणारी वाट मोठी हवी, नाहीतर हवा आत तुंबते. परीक्षेत हा प्रश्न मी विचारते, चुकला तर गुण कापते. आणि पंधरा दिवस मी इंजिनाच्या पुढचं भोक मोठं मोठं करत बसले होते, मागून बाहेर जायला बोटभर फट सोडून. खान्देशातल्या कुठल्याही बाईला हे चैत्रात ठाऊक असतं. चौथी शिकलेल्या माझ्या मायलाही.

हरिकेनच्या पोटाखाली एक पेटी असते. खऱ्या विमानात त्यातून इंजिनाचं पाणी गार व्हायचं. माझ्या विमानात ती नुसती शोभेची, लाकडाची, आतून भरीव. मी विमान अंगणात आणलं, उलटं केलं, आणि ती पेटी कापायला घेतली. आबा खाटेवरून बघत होते. उठून आले.

"काय करी ऱ्हायनी?"

मी जमिनीवर काडीनं रेघ ओढून दाखवलं. हवा इथून आत, इंजिनावरून मागे, इथून खाली बाहेर. त्यांनी पाहिलं, काडी माझ्या हातातून घेतली आणि बाहेर जाणारी वाट माझ्या रेघेच्या दुप्पट रुंद ओढली. मग आत गेले. परत आले तेव्हा हातात त्यांची अर्धगोल कानस होती, मुठीला चिंधी गुंडाळलेली. लाकूड मी कापलं, आतून घासून गुळगुळीत त्यांनी केलं. एकेकदा तळहात आतून फिरवून बघायचे, कुठं खरबरीत लागलं की पुन्हा घासायचे. हवेला अडायला जागा ठेवायची नाही म्हणून. दोघांनी मिळून काही केल्याला वीस-बावीस वर्षं झाली असतील. माय मधेच चहा ठेवून गेली आणि कोणीच तो प्यायलं नाही. पुढचं वाढवलेलं भोक मी पत्रा लावून लहान केलं. नाक पुन्हा नाकासारखं दिसायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावावर गेलो. वैशाखात तो कोरडा असतो. मधला गाळ भेगाळलेला, पण काठाचा मुरमाड पट्टा टणक आणि सपाट. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी कोणाला काम नसतं, त्यामुळे निम्मा गाव बांधावर. प्रमोदनं विमानाची शेपटी धरली. मी आबांना दहा पावलांवर उभं केलं आणि म्हटलं, इथून हलू नका. ते हलले, दोन पावलं पुढं आले.

मी चालू केलं.

ठोके सुरू झाले. मी विमानाकडे बघायला हवं होतं, मी आबांकडे बघत होते. त्यांचा चेहरा हलला नाही. मला वाटलं, संपलं. कागदावरचं कागदावरच राहिलं. आणि मग दिसलं की त्यांचा उजवा पाय जमिनीवर ठोके धरतोय. चप्पल मुरमावर, हळूच. चार मिनिटं झाली, पाच झाली, सहा. आवाज घोगरा झाला नाही. पोटाखालच्या वाटेतून तापलेली हवा बाहेर पडत होती, खालची धूळ थरथरत होती.

"सोड!" मी प्रमोदला ओरडून सांगितलं.

विमान धावलं, उसळलं, एक चाक टेकलं आणि वर गेलं. बांधावर आरडाओरडा झाला. मी त्याला लांब वळण दिलं, तलावाच्या भिंतीवरून, निंबांच्या शेंड्यांवरून, आणि परत आमच्या डोक्यावर आणलं. आबा वर बघत नव्हते. मान किंचित वाकडी, नजर जमिनीवर, आजाऱ्याच्या छातीला कान लावल्यासारखे. विमान दोनदा डोक्यावरून गेलं. मग ते माझ्याजवळ आले, माझ्या कोपराला धरलं. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून ते फार मोठ्यानं बोलतात. सगळ्या तलावाला ऐकू गेलं.

"इंधन जास्ती पी ऱ्हायनं! कमी कर!"

खरं होतं. तापू नये म्हणून इंधनाची वाट कमी-जास्त करणारी सुई मी मुद्दाम थोडी जास्त उघडी ठेवली होती. ठोक्यांमध्ये एक ओलसर अडखळ होती, मला स्वतःला ती फार लक्ष देऊन ऐकू येत होती.

"वरतून कमी नाही करता येत आबा!" मी हात हलवून सांगितलं.

"मंग खाले उतार!"

"आबा, आत्ताच तर वर गेलंय!"

"उतार म्हनस ना!"

बांधावरची माणसं हसत होती. कोणीतरी म्हणालं, फिटर जागा झाला. मी विमान उतरवलं. दोनदा उसळलं, पण चाकांवर उभं राहिलं. आबा माझ्याआधी तिथं पोचले, गुडघ्यावर बसले. इंजिन चालूच होतं. मी त्यांना सुई दाखवली. त्यांनी ती अंगठा आणि तर्जनीनं धरली, एवढीशी फिरवली, थांबले, पुन्हा एवढीशी. ठोके सुटे झाले, कोरडे झाले. आणखी अर्धा केस मागे घेतली. मग हात काढला आणि धोतराला पुसला.

यंदा फाल्गुनात त्यांना पुन्हा धुळ्याला नेलं. डॉक्टरांनी नवा आलेख काढला. डावीकडची, खालच्या पट्टीची रेघही आता खाली उतरली आहे. ट्रॅक्टर अंगणात आला तरी त्यांना दिसल्यावर कळतो. आम्ही पाटीवर लिहून बोलतो. ते वाचतात, हसतात, कधी कधी मोठ्यानं उत्तर देतात.

गेल्या आखाजीच्या दुसऱ्या दिवशी, पारोळ्याच्या पुढच्या त्या कोरड्या तलावावर, वैशाखाच्या उन्हात, विमान दुसऱ्यांदा वर गेलं आणि नऊ मिनिटं उडलं. इंजिन एकदाही अडखळलं नाही. त्याची सुई माझ्या वडिलांनी कानानं लावली होती.